एकाच पत्त्याची दोन घरं: भुईकाट्याच्या कॉम्प्युटरचं प्रकरण

पहिल्या पावतीवर नंबर आला ३१३. काटा सांभाळणाऱ्या नानांनी कागद फाडला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ नंबर जुना शे."

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, टेबलाखाली वायरी गुंडाळत होतो. तिथूनच म्हटलं, "नाना, विंडोज नवीन टाकलंय, प्रोग्रॅम नव्याने बसवलाय. नंबर पहिल्यापासून सुरू झाला असेल."

"पहिल्यापासून असता तर एक आला असता ना."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. बाहेर कापसाच्या आठ-दहा गाड्या लागल्या होत्या, दोन ट्रॅक्टरवाल्यांची आधी काटा कोणाचा यावरून जुंपली होती आणि शेठ दर पाच मिनिटांनी काचेतून आत डोकावत होते. पुढे रात्री अडीचपर्यंत जे निस्तरत बसावं लागलं, ते सगळं नानांच्या त्या एका वाक्यात होतं.

शेठचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना, जळगाव जिल्ह्यात अमळनेर-पारोळा रस्त्यावर आहे. दिवाळी उलटली की सरकीसकट कापूस यायला लागतो. छोटा हत्ती, ट्रॅक्टर-ट्रॉली, कधी आयशर. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला भुईकाटा. भरलेली गाडी चढते, वजन होतं; माल खाली करून रिकामी गाडी पुन्हा चढते, पुन्हा वजन होतं; दोन्हींतला फरक तो निव्वळ माल, आणि शेतकऱ्याचा पैसा त्या आकड्यावर निघतो. काट्याच्या केबिनमध्ये वजन दाखवणारा इंडिकेटर आहे. त्याला वैधमापनवाल्यांचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील आहे, त्याला कोणी हात लावत नाही. इंडिकेटरमागून एक सिरियल वायर कॉम्प्युटरला जाते. कॉम्प्युटर वजन करत नाही, फक्त वाचतो, साठवतो आणि डॉट मॅट्रिक्सवर तीन रंगांच्या कार्बन कागदावर पावती छापतो. पांढरी शेतकऱ्याला, पिवळी ऑफिसला, गुलाबी नानांच्या तारेत टोचलेली.

हा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मध्ये लिहिलेला. ती भाषा १९९८ची. ज्याने लिहिला तो माणूस आता या धंद्यात नाही. एक सीडी आणि तिच्या पाकिटावर खरडलेला बंद नंबर, एवढीच त्याची खूण उरलीय. कॉम्प्युटर मात्र तितका जुना नाही. २०१८चा आठव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. त्या वेळी कोणीतरी "प्रोग्रॅम ३२-बिटचा आहे, मग विंडोजही ३२-बिटचंच टाका" असा सल्ला दिला आणि ६४-बिट, म्हणजे नव्या घडणीच्या, मशीनवर ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचं, विंडोज १० बसलं. तो सल्ला अनाठायी होता, पण त्यामुळे सात वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

विंडोज १० ची मदत, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. त्याच कॉम्प्युटरवरून ई-वे बिल निघतात, बँकेची साइट उघडते, म्हणून सीएंनी शेठला बदलायला सांगितलं. घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट घेण्याची सोय होती. ती घेऊन हंगाम काढायचा आणि उन्हाळ्यात निवांत बदल करायचा, असा सल्ला मी द्यायला हवा होता. दिला नाही. काम हातचं जाईल असं वाटलं, दुसरं कारण नाही.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही. त्यामुळे ३२-बिट विंडोज १० वरून अपग्रेडचं बटण दाबून वर चढता येत नाही, कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागते. मी बायोसमध्ये जाऊन टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केलं, जुनी हार्ड डिस्क काढून नानांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकलं. जुनी डिस्क पुसली नाही, एवढं एक शहाणपण त्या दिवशी माझ्या हातून झालं.

सीडीवरचा सेटअप चालवला. खिडकी आली: तुमच्या सिस्टममधल्या काही फायली जुन्या आहेत, त्या बदलून मशीन रीस्टार्ट करा, मग सेटअप पुन्हा चालवा. रीस्टार्ट केलं, सेटअप लावला, पुन्हा तीच खिडकी. तीनदा झालं. व्हीबी ६ चे सेटअप ज्यांनी हाताळलेत त्यांना ही चकरी ठाऊक असेल. सेटअपला सीडीवरच्या त्याच्या काळातल्या फायली विंडोजच्या घरात ठेवायच्या असतात, विंडोज त्या ठेवू देत नाही, आणि सेटअपला वाटतं की रीस्टार्ट केल्यावर जमेल. सिस्टम फाईल बदलायचा हट्ट इथे करू नये. व्हीबी ६ चं मूळ रनटाइम विंडोज ११ मध्ये आधीपासून आहे. लागतात ते फक्त वरचे सुटे भाग, म्हणजे ओसीएक्स फायली, आणि त्या हाताने बसवता येतात. म्हणून सेटअपचा नाद सोडला, ड्रॉवरमधली डिस्क यूएसबी वायरीने जोडली, तिच्या प्रोग्रॅम फाइल्समधला काट्याचा अख्खा फोल्डर उचलून नव्या डिस्कवरच्या प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६ मध्ये टाकला. पावत्यांचा डेटा साठवणारी एमडीबी फाईल त्याच फोल्डरात होती, तीही आली. मला वाटलं, निम्मं काम झालं.

एक्सई (प्रोग्रॅमची मुख्य फाईल) उघडला. रन-टाइम एरर ३३९: एमएसकॉम३२ डॉट ओसीएक्स नोंदलेली नाही किंवा सापडत नाही. ही सिरियल पोर्टशी बोलणारी फाईल. जुन्या डिस्कच्या सिस्टम३२ मधून घेतली, नव्याच्या सिस्टम३२ मध्ये ठेवली, ॲडमिन, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या, कमांड प्रॉम्प्टवरून रेगएसव्हीआर३२ या कमांडने विंडोजकडे नोंदवायला गेलो. उत्तर आलं: असं मॉड्यूल सापडत नाही. एक्सप्लोररमध्ये बघतो तर फाईल तिथेच. नाव बरोबर, पत्ता बरोबर, साइझ बरोबर. पुन्हा कॉपी केली, पुन्हा तेच. वीस मिनिटं गेली.

६४-बिट विंडोजमध्ये नावांचा घोळ पहिल्यापासून आहे. सिस्टम३२ या फोल्डरात ६४-बिटच्या फायली असतात आणि ३२-बिटच्या फायली सिसवॉव६४ मध्ये असतात. वाचताना उलटं वाटतं, पण तसंच आहे. जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमांना पत्ता बदलल्याचं कळू नये म्हणून विंडोज मध्ये उभं राहून हातचलाखी करतं: ३२-बिट प्रोग्रॅमने सिस्टम३२ मागितलं की त्याला गुपचूप सिसवॉव६४ उघडून देतं. माझी फाईल ३२-बिटची असल्यामुळे नोंदणीचं काम ३२-बिटच्या रेगएसव्हीआर३२ कडे गेलं. ते 'सिस्टम३२' मध्ये बघायला गेलं आणि पोचलं सिसवॉव६४ मध्ये. तिथे फाईल नव्हती. मी ६४-बिट एक्सप्लोररच्या डोळ्यांनी बघत होतो, ते ३२-बिटच्या डोळ्यांनी. दोघंही खरं बोलत होतो.

फाईल सिसवॉव६४ मध्ये टाकली, तिथूनच नोंदवली, काम झालं. पावतीच्या जाळीसाठी लागणारी आणखी एक ओसीएक्स तशीच बसवली आणि प्रोग्रॅम उघडला. त्या क्षणी माझ्या डोक्यात घंटी वाजायला हवी होती. जे विंडोज फोल्डरच्या बाबतीत एका नावामागे दोन जागा ठेवतं, ते आणखी कुठेकुठे तसं करत असेल? मी तो विचार तिथेच सोडला आणि वायरीकडे वळलो.

वायरीचं पटकन सांगतो. यूएसबी-सिरियल वायर जुनीच होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्या नावाच्या जागी 'ही चिप २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. नवा ड्रायव्हर त्या जुन्या चिपला घरात घेत नाही. जुना ड्रायव्हर शोधून बळेच बसवता येतो, पण विंडोज अपडेटने एखाद्या रात्री तो पुन्हा बदलला तर सकाळी काटा बंद. ती जोखीम नको होती. माझ्याकडे जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेली दुसऱ्या चिपची वायर होती, ती लावली. विंडोजने तिला कॉम७ हा पोर्ट नंबर दिला. काट्याच्या प्रोग्रॅमच्या यादीत कॉम४ च्या पुढे काही नाही, म्हणून पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन कॉम३ केला. मग काट्याचा प्रोग्रॅम न उघडता पुट्टी या पोर्ट वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॉम३ उघडून पाहिला. इंडिकेटरवरचे आकडे स्क्रीनवर धावायला लागले, गाडी हलली की बदलायला लागले. ही सवय मला आवडते: आधी वायर एकटी तपासायची, म्हणजे नंतर दोष कोणाचा यावर भांडण उरत नाही.

राहिला प्रिंटर. हा प्रोग्रॅम विंडोजच्या प्रिंटर यादीला विचारत नाही, सरळ एलपीटी१ वर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रिंटर पोर्टवर, मजकूर फेकतो. मशीनला एलपीटी पोर्ट नव्हता, प्रिंटर यूएसबीवर होता. त्यावर जुना तोडगा असतो: प्रिंटर शेअर करायचा आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरवर वळवायचा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून आधीच उघडा होता, त्यातच कमांड दिली. प्रोग्रॅमवरून छापून पाहिलं, कागद ढिम्म. एक्सईला 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची टिक मारली, पुन्हा छापलं, खर्र आवाज आला. शेठनी बाहेरूनच अंगठा दाखवला. का चाललं याचा विचार मी केला नाही. ३१३ नंबरची ती पावती हीच.

दुपारपर्यंत ४१ पावत्या झाल्या. मध्येच तारखेचा एक खोळंबा झाला: ६ नोव्हेंबरच्या पावतीवर ११/६ छापून येत होतं. विंडोज टाकताना रिजन अमेरिका राहिला होता; भारत केला, तारखेचा नमुना दिवस-महिना-वर्ष केला. मग दोनच्या सुमारास लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली. लाइट आल्यावर मशीन सुरू केलं तर पावती छापेना.

एलपीटीची जोडणी गेली असणार, हे कळलं. या वेळी साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून तीच कमांड दिली, त्यातून एक ओळ छापून पाहिली, आली. प्रोग्रॅमवरून छापलं, नाही आली. आता ॲडमिनची टिक काढली. आली! मी खूश. नंबरही सलग पुढे, ३५४. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पण बोलले काही नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी १७ गाड्या झाल्या.

सात वाजता शेठनी दिवसाचा हिशेब मागितला. मी सवयीने आयकॉनवर राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून प्रोग्रॅम उघडला आणि रिपोर्ट काढला: ४१ गाड्या. नाना तारेतल्या गुलाबी पावत्या मोजत होते. एकदा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या.

"माझ्याकडे अठ्ठावन्न आहेत."

मी प्रोग्रॅम बंद करून साध्या डबल क्लिकने उघडला. रिपोर्ट: ५८. पुन्हा ॲडमिन म्हणून: ४१. शेठ माझ्या मागे उभे. एकच आयकॉन, एकच फोल्डर, हिशेब दोन. "आते काय करानं?" नाना म्हणाले. शेठ बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा स्तंभ दाखवायला लावला. साधा उघडलेला काटा: एनेबल्ड. मग सगळं एका दमात कळलं. सकाळी सिस्टम३२ च्या बाबतीत पाहिलेली हातचलाखी इथे दुसऱ्या अवतारात होती.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, साध्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्रॅम तर आपली डेटा फाईल बिनधास्त तिथेच ठेवायचे. ते कोलमडू नयेत म्हणून विंडोज त्यांना "हो, लिहिलं" असं सांगतं आणि प्रत्यक्षात फाईलची प्रत त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात, लोकलखाली, व्हर्च्युअलस्टोर नावाच्या ठिकाणी करून तिथे लिहितं. पुढे तो प्रोग्रॅम फाईल वाचायला आला की त्याला तीच प्रत दाखवतं. प्रोग्रॅमला पत्ता दिसतो तोच. ॲडमिन म्हणून चालवलं की मात्र ही सोय बंद, प्रोग्रॅम खऱ्या जागी लिहितो.

सकाळच्या ४१ पावत्या टिक असताना खऱ्या जागी गेल्या. टिक काढल्यावर पहिल्या पावतीलाच विंडोजने त्या फाईलची प्रत केली, म्हणून नंबर सलग राहिला, आणि पुढच्या १७ त्या प्रतीत गेल्या. प्रिंटरचंही तसंच. नेट यूजने केलेली जोडणी ज्या अधिकाराने केली त्याच अधिकाराच्या प्रोग्रॅमला दिसते. ॲडमिनची एलपीटी१ वेगळी, साधी एलपीटी१ वेगळी. मी दिवसभर एका टिकने दोन घरांमध्ये येरझाऱ्या घालत होतो आणि प्रत्येक खेपेला समजत होतो की दुरुस्ती केली.

आणि मग ३१३ चा अर्थ लागला. जुन्या विंडोजवरही हेच झालेलं असणार. ड्रॉवरमधली डिस्क पुन्हा जोडून अख्ख्या डिस्कवर एमडीबी फायली शोधल्या. एकाच नावाच्या दोन आल्या. प्रोग्रॅम फाइल्समधली एक एमबीच्या आसपास, शेवटचा बदल डिसेंबर २०१८. व्हर्च्युअलस्टोरमधली ३८ एमबी, शेवटचा बदल परवा संध्याकाळचा. बसवणाऱ्याने पहिले काही आठवडे प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवला असणार, नंतर कोणीतरी ते बंद केलं, आणि तेव्हापासून सात वर्षांचा सगळा कापूस त्या लपलेल्या फोल्डरात मोजला जात होता. मी सकाळी उचलून आणली ती २०१८ ची मेलेली फाईल. खऱ्या फाईलमध्ये शेवटची पावती २६९०४. जुनी डिस्क पुसून त्यावरच विंडोज टाकलं असतं, आणि माझे कितीतरी भाऊबंद तसंच करतात, तर सात वर्षांचा हिशेब गेला असता.

दुरुस्तीला वेळ लागला नाही, वेळ गेला तो पावत्या पुन्हा भरण्यात. प्रोग्रॅम फाइल्समधून सगळं काढलं, व्हर्च्युअलस्टोरमधली प्रतही बाजूला ठेवली. सी ड्राइव्हवर थेट 'काटा' नावाचा फोल्डर केला, त्यात एक्सई आणि ३८ एमबीची खरी फाईल ठेवली. प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरात फाईल शोधतो, त्यामुळे कोडला हात लावावा लागला नाही. त्या जागी साध्या अधिकाराने लिहिता येतं, मग विंडोजला काही लपवाछपवी करायची गरज उरत नाही. ॲडमिनची टिक कायमची काढली. एलपीटीची कमांड एका बॅच फाईलमध्ये लिहून स्टार्टअपमध्ये टाकली, म्हणजे रोज लॉगइनला साध्या अधिकाराने जोडणी होते. मग खात्रीसाठी एक प्रयोग केला: एक खोटी पावती टाकली आणि काटा फोल्डरातल्या फाईलची वेळ बदलते का ते पाहिलं. बदलली. व्हर्च्युअलस्टोरमध्ये काही उगवलं नाही. खोटी पावती काढून टाकली, नंबर मागे घेतला.

त्या दिवसाच्या ५८ पावत्या मी दोन फायलींमधून जोडून आणण्याच्या विचारात होतो. नानांनी गुलाबी गठ्ठा पुढे सरकवला. "मी सांगतो, तू टाक." गाडी नंबर, गावाचं नाव, भरगाडी, खाली गाडी. वजन इंडिकेटरकडून न येता हाताने टाकलं की प्रोग्रॅम पावतीवर तशी खूण करतो. ते योग्यच आहे, म्हणून ती तशीच राहू दिली. शेतकऱ्यांच्या हातात ३१३ ते ३७० नंबरच्या पांढऱ्या पावत्या गेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यात तो छापील नंबर लिहिला. पुढे कोणी पैसे घ्यायला पांढरी पावती घेऊन आला तर ऑफिसला जुळवता यावी. दोन पावत्यांत गाडीचा नंबर पुसट होता, तर नानांनी गाडीवाल्याच्या तोंडावरून तो आठवून सांगितला. मी तो आरटीओच्या ॲपवर पडताळून पाहिला. दोन्ही बरोबर.

मी त्या दिवशीच्या मजुरीचे पैसे घेतले नाहीत. फक्त वायरीचे घेतले. यूपीएसची बॅटरी शेठनी दुसऱ्याच दिवशी बदलली आणि प्रोग्रॅमही नवा घ्यायचं म्हणालेत, हंगाम संपल्यावर. तोवर रोज संध्याकाळी काटा फोल्डराची प्रत पेनड्राइव्हवर जाते. पेनड्राइव्ह नानांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, तंबाखूच्या डबीशेजारी. हे काही आदर्श नाही, पण नाना विसरत नाहीत.

सकाळी साडेसातला मी पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसलो. पहिली गाडी धरणगावकडची, मागे ताडपत्री बांधलेली. चालक खाली उतरला, इंडिकेटरचा आकडा स्थिर झाला. नानांनी आधी आपल्या वहीत २६९६३ लिहिलं, मग मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं.